दोन सलाइनींच्या मधले दिवस

नामपूर, १८ मार्च २०२५, मंगळवार

काल मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला. उद्या माझी पहिली केमो. तिची परीक्षा होईपर्यंत घरात कोणी तिच्यासमोर हे बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. आज जेवताना तिनेच विचारलं, "मम्मी, उद्या किती वाजता निघायचं? मी डबा करते."

डॉक्टरांनी ठरवलेला क्रम असा: आधी लाल औषधाच्या चार केमो, एकवीस-एकवीस दिवसांनी. मग दुसऱ्या औषधाच्या बारा, दर आठवड्याला एक. नंतर ऑपरेशन, त्यानंतर किरणं. गाठ उजव्या स्तनात आहे आणि काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचली आहे. आधी केमो देऊन ती लहान करायची आणि मग काढायची. लाल औषधाचा भार हृदयावर पडतो म्हणून हृदयाची इको करून घेतली. डॉक्टरांनी हे सगळं कोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावला आहे.

अंगणवाडीची रजिस्टरं मी वर्षानुवर्षं लिहिते. कोणतं मूल किती वजनाचं, कोणाला ताप, कोणाची लस राहिली. आता तसंच स्वतःचं लिहायचं ठरवलं आहे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी संध्याकाळी आली. केशरी रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने एकेक कागद तपासून वर पाठवला होता. फोन आला तेव्हा हे गोठ्यात होते. आत येऊन नुसतं "झालं" म्हणाले आणि परत धारा काढायला गेले.

१९ मार्च, बुधवार

पहाटे पाचला नाशिकच्या हॉस्पिटलला निघालो. सटाणा, देवळा, भावडबारीचा घाट, सोग्रस फाट्यावर मुंबई-आग्रा रस्ता. शंभराहून जास्त किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची काढणी चाललेली. पिंपळगावच्या पुढे द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्या.

केमोच्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या आहेत. आधी उलटीचं आणि ॲलर्जीचं औषध सलाइनमधून दिलं, मग लाल. ते सिस्टर स्वतः शेजारी बसून हाताने हळूहळू देतात आणि त्यांची नजर शिरेवरून हलत नाही. औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. "आग झाली, टोचलं, काहीही वाटलं तर लगेच सांगा, सहन करत बसू नका," असं त्यांनी बजावलं. आपल्याकडच्या बायकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सहन करणं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. नंतर दुसरं पांढरं औषध. त्यासाठी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही, नाहीतर मूत्राशयाला इजा होते.

शेजारच्या खुर्चीत पेठ तालुक्यातली एक बाई होती. घरून निघाल्यावर तीन गाड्या बदलून आलेली. तिचं पहिलं ऑपरेशन मुंबईला टाटा हॉस्पिटलात झालं. तेव्हा ती आणि तिचा भाऊ दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले होते. ती म्हणाली, "तिथं सगळेच याच दुखण्याचे. कोणी कोणाला 'कसं झालं' विचारत नाही. 'जेवलीस का' विचारतात."

येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एक इंजेक्शन दिलं. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं. केमोनंतर चोवीस तास उलटल्यावर घ्यायचं आणि तोवर थंड ठेवायचं. सगळ्या रस्त्याने हे तो डबा मांडीवर घेऊन बसले.

२० मार्च

लघवी लाल झाली. आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. सांगितलं नसतं तर रक्त समजून रात्रीच नाशिक गाठलं असतं. दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं, माझे कपडे वेगळे धुवायचे, धुणाऱ्याने हातमोजे घालायचे. जाऊबाईंनी काही न विचारता बादली वेगळी केली. मुलीला मात्र मी जवळ घेतलं. हा रोग शिवून होत नाही, हे घरात आधी मी सांगितलं, मग डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे सासूबाईंच्या मनातून गेलं.

इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांनी दुपारनंतर पोटावर दिलं. तोवर दोनदा वीज गेली. फ्रिजचं दार कोणी उघडायचं नाही म्हणून मुलगी समोर खुर्ची टाकून बसली होती.

२३ मार्च

फोडणीचा वास सहन होत नाही. कांदा तर घरात, अंगणात, गल्लीत, सगळीकडे. आमच्या गावात या दिवसांत कांद्यापासून लांब जाणार कुठे? स्वयंपाक आता मागच्या पडवीत चुलीवर होतो.

सासूबाईंनी नागलीची आंबील केली. गार करून, मीठ घालून, वाटीभर. "थोडं थोडं खाई ले माय, एकदम नको." तेवढीच पोटात राहिली. ताट भरून समोर आलं की बघवत नाही. दर दोन तासांनी काहीतरी छोटं: भाताची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. उलटीच्या गोळ्या उलटी व्हायची वाट न पाहता वेळेवर घ्यायच्या. एकदा सुरू झाली की गोळीही टिकत नाही.

काल रात्री बातमी आली की कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून जाणार. सकाळी ओट्यावर यांचा आणि शेजारच्या आप्पांचा आवाज चढलेला ऐकला. कित्येक दिवसांनी घरात माझ्या आजाराशिवाय दुसरं काही बोललं गेलं. मला ते फार आवडलं.

२५ मार्च

हाडं दुखतात, कंबर आणि मांड्या जास्त. पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनमुळे मज्जेत काम चालू असतं, त्याचं हे दुखणं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ. माया आहे, हे मला कळतं. पण प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो. एकाने पुडी आणली, एकीने कसला तरी पाला, एका दूरच्या पाहुण्यांनी केमो सोडून एका बाबांकडे चला असं यांना बाहेर नेऊन सांगितलं. आलेलं सगळं मी एका डब्यात ठेवते आणि काहीच घेत नाही. केमोची औषधं यकृतातून जातात. त्याच वेळी काय मिसळलंय ते माहीत नसलेली पुडी तिथे पोचली तर दोन्हींचं काय होईल हे पुडी देणाऱ्यालाही माहीत नसतं. औषधाबद्दल एकच नियम धरला आहे: नाशिकच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काही नाही.

सगळ्यांत उपयोगी पाहुणी आली ती आमची अंगणवाडीची मदतनीस. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, "मुलांना सर्दी आहे, मी आत येत नाही," म्हणाली, आहाराच्या नोंदी कशा भरायच्या ते विचारलं आणि जाताना आमचं दळण घेऊन गेली.

२८ मार्च

तोंडात फोड. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, दिवसातून पाच-सहा वेळा. तिखट बंद. डाळिंब घरचं, पण दाणे टोचतात म्हणून रस गाळून.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. या दिवसांत गोठ्यात जायचं नाही, फवारणी चालू असलेल्या बागेकडे फिरकायचं नाही, न शिजवलेली कोशिंबीर नाही, गर्दी नाही. फळ खायचं तर साल काढता येईल असं. आणि ताप मोजायचा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, फोन करायचा आणि निघायचं. फाइलवर हे लाल अक्षरात लिहिलेलं आहे. पेशीच नसतील तर साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो.

अंगणवाडीची मुलं घरासमोरून जाताना "बाई, बाई" म्हणून हाक मारतात. खिडकीतून हात करते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली. कडुलिंबाचा पाला मी धुऊन, उकळून घेतला, तोही नावापुरता.

रात्री साडेनऊला थंडी वाजली. थर्मामीटर १००.८.

३१ मार्च, मालेगाव

काल रात्रीचं लिहिते. हाताला सलाइन आहे, डाव्या हाताने लिहिते.

यांनी नाशिकला फोन लावला. तिकडून सांगितलं, इकडे यायला अडीच-तीन तास जातील, तेवढा वेळ घालवू नका, मालेगावला दाखल व्हा, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो. प्रश्न गाडीचा होता. पाडव्याची रात्र, आमची मोटरसायकल, आणि मला बसवत नव्हतं. शेजारच्या आप्पांचा कांद्याचा पिकअप दारात उभा होता, मागे बारदान, पात, माती. आप्पांनी जेवणावरून उठून चावी घेतली. मला पुढे बसवलं, हे मागे बसले. वडनेरच्या रस्त्याने पाऊण-एक तासात मालेगाव. पोचताच रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. पेशी फारच खाली होत्या. पहाटे ताप उतरला.

आप्पा बाहेर बाकावर बसून राहिले. सकाळी त्यांचा माल बाजार समितीत लिलावाला लागायचा होता. तो त्यांच्या मुलाने नेला.

इथे पडल्या पडल्या मी एकच विचार करते आहे. केमो नाशिकला एका दिवसात होते. बाकीचे वीस दिवस मी नामपुरात असते आणि जगणं-मरणं त्या वीस दिवसांत ठरतं. यंदाच्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर केंद्रं सुरू करण्याचं जाहीर झालं आहे, त्यांतली २०० यंदाच्या वर्षात. चांगलं आहे, हवंच आहे. पण आमचं जिल्हा रुग्णालय नाशिकला. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बागलाण, सुरगाणा, मालेगावच्या माणसाला त्याने अंतर कमी होत नाही. हे काम मालेगावच्या आणि कळवणच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत आलं पाहिजे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९८७ पासून तिथे आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही ठेवली जाते. एका तालुक्याच्या गावाला जमलं ते दुसऱ्याला का जमू नये?

३ एप्रिल

घरी. आज वेणी घालताना केस हातात आले. फणीत आले, उशीवर आले, न्हाणीच्या जाळीवर आले.

५ एप्रिल, शनिवार

सगळे केस एकदम काढायचं मी ठरवलं. रोज थोडे थोडे गळताना बघणं जास्त जड होतं.

यांचे केस कापणारे काका घरी आले. वस्तरा नको, मशीनच वापरा, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. पेशी कमी असताना साधी जखमही नको. काकांनी मशीन पुसलं, चादर अंथरली आणि थांबले. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "माय, करू ना?"

त्यांचं अडखळणं मला कळलं. सवाष्ण बाईचं डोकं करायचं हे आपल्याकडे हातून सहज होत नाही, कारण बाईचं डोकं कधी करायचे हे सगळ्यांना माहीत आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे जोतीरावांचे सहकारी. ज्यांचं नाव माझ्या उपचाराच्या मंजुरीपत्रावर छापलेलं आहे, ते जोतीराव. हे सगळं मला त्या चादरीवर बसल्या बसल्या आठवत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "कर भाऊ. केसस्नं काय शे? ती ऱ्हायनी पायजे."

झाल्यावर त्यांनीच कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्या कपाळाला लावलं, नेहमीपेक्षा मोठं. मग डोक्याला सुती फडकं बांधलं, वर पदर. मुलीने आरसा समोर धरला. मी बघितलं. कानामागे लहानपणी पडल्याची खूण आहे, ती मला माहीतच नव्हती. थोडं रडले. मग चहा घेतला.

९ एप्रिल, बुधवार

दुसरी केमो. काल गावातच रक्त तपासून रिपोर्ट पाठवला होता. पेशी वर आल्या होत्या, नाहीतर तारीख पुढे गेली असती. गाठीला हात लावून डॉक्टर म्हणाले, मऊ झाली आहे.

परतताना मुलीने मोबाइलवर वाचलेलं सांगितलं. या लाल औषधाचं मूळ मातीत आहे. इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत लाल रंग सोडणारा एक सूक्ष्म जीव शास्त्रज्ञांना सापडला, त्यातून आधी एक औषध निघालं, मग त्याच जातीच्या जंतूत बदल घडवून हे दुसरं. तिथल्या एड्रियाटिक समुद्रावरून नाव ठेवलं एड्रियामायसिन. पुढच्या बारा केमोंचं औषध आधी एका झाडाच्या सालीतून काढलेलं. हे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मातीतलंच." जन्मभर मातीत राबलेल्या माणसाला त्या बाटलीवर विश्वास बसला तो तिथे, असं मला वाटलं.

१७ एप्रिल

ऊन वाढलं आहे. डोक्यावर केस नसले की ऊन आणि गारवा दोन्ही थेट कवटीत जातात. दुपारी ओलं फडकं.

आशाताई बाहेरून बोलून गेल्या. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, पण बायका येत नाहीत. लाज, काढणीचे दिवस, आणि "मला काही दुखत नाही". त्यांना मी टाटाच्या अभ्यासाचं सांगितलं. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं चाललेलं काम, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. म्हणजे शिकलेला हात पुरतो. तसे हात आपल्या उपकेंद्रात आहेत.

आम्ही ठरवलं: बायकांना मी फोन करायचा, आशाताईंनी वार ठरवायचा. माझं नाव सांगायला माझी हरकत नाही. उलट तेच सांगा, म्हटलं.

२४ एप्रिल

कांदा चाळीत गेला. मी सावलीत बसून मजुरांचा हिशेब केला, तेवढं जमलं. थकवा असा की पेन उचलायलाही मन करावं लागतं, पण सकाळी अर्धा तास अंगणात चालते. चालल्यावर थकवा कमी होतो हे विचित्र वाटतं, पण खरं आहे.

औषधाचा पैसा योजनेतून जातो. सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस, रात्रीची गाडी, घरी घ्यायचं दूध-फळं, मजुराला द्यावी लागलेली माझ्या वाटच्या कामाची मजुरी, हे सगळं घरातून. जिच्याकडे चाळ नाही, जमीन नाही, ती बाई दुसऱ्या केमोनंतर का गळते, हे मला आता कोणी सांगायला नको.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

तिसरी केमो आजच येत होती. डॉक्टरांनी दोन दिवस पुढे घ्यायला हरकत नाही म्हटलं. पितरांची घागर भरली. सासूबाईंनी सांजोऱ्या केल्या, आंब्याचा रस केला. या सणाला लेकीने माहेरी जायचं. मी गेले नाही म्हणून भाऊ आंबे घेऊन आला, अंगणातच बसला, तोंडाला रुमाल बांधून. गल्लीत माहेरवाशिणी झोक्यावर गात होत्या. मी ओट्यावरून ऐकलं. रस वाटीभर प्यायले, चव लागली.

१ मे, गुरुवार

आज ग्रामसभा. मला गर्दीत जाता येत नाही म्हणून अर्ज लिहून मुलीच्या हाती पाठवला. इथे उतरवून ठेवते.

गावात कॅन्सरवर उपचार घेणारी मी एकटी नाही. म्हणून विनंती अशी. १०८ चा क्रमांक प्रत्येक गल्लीत मोठ्या अक्षरात रंगवावा. त्यासोबत ज्यांच्याकडे चारचाकी किंवा पिकअप आहे आणि जे रात्री निघायला तयार आहेत, त्यांची नावं आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. डिझेलसाठी वर्गणीतून लहानसा निधी ठेवावा. आशाताईंकडे चालू स्थितीतले थर्मामीटर असावेत आणि केमो सुरू असलेल्या प्रत्येक घरी त्यातला एक द्यावा. तपासणीच्या दिवशी उपकेंद्रात पडदा लावलेली खोली असावी.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं: तुमच्या गल्लीत कोणाची केमो सुरू असेल तर भेटायला जाताना फळं-पुडी काही नेऊ नका. सर्दी-खोकला असेल तर उंबऱ्याबाहेरूनच बोला. त्यांचं दळण आणा, एखाद्या दिवशी त्यांच्या गुरांना पाणी पाजा. तुमचा फोन नंबर त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून या, आणि रात्री तो फोन बंद ठेवू नका.